पायलटच्या मुलाखतीतले चमत्कारिक प्रश्न: पायऱ्या, पोपट आणि रात्रीत वर गेलेलं विमान

तापीकाठचा

नमस्कार. मी खानदेशातला. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, हातात येऊन चौदा महिने झाले. एकूण तास २०४, बहुतेक सेसना १७२ या छोट्या विमानावर. घरची अर्धी जमीन विकून आणि उरलेलं बँकेचं कर्ज काढून हे शिक्षण झालंय, त्यामुळे इथे विचारतोय ते अगदी कळवळून विचारतोय.

मागच्या महिन्यात पहिली मुलाखत झाली. लेखी चांगली गेली होती, सिम्युलेटरही ठीक. पॅनेलसमोर बसलो तेव्हा डोक्यात हायड्रॉलिक्स, जेट इंजिन, हवामान, नियमावली असं सगळं घोकलेलं होतं. पहिला प्रश्न आला, "या मजल्यावर येताना किती पायऱ्या चढलात?" मी घाबरून "चोवीस" म्हणून मोकळा झालो. मोजल्या नव्हत्या.

दुसरा प्रश्न: "बंद कंटेनरचा ट्रक आहे, आत पाचशे पोपट बसलेत. पुढे कमजोर पूल आहे. ड्रायव्हरने पत्र्यावर काठी आपटली आणि सगळे पोपट आतल्या आत उडाले. ट्रकचं वजन कमी होईल का?" मी म्हणालो, होईल.

तिसरा: "रात्री विमान उभं करून गेलात. सकाळी येऊन बघता तर अल्टिमीटर उंची शंभर फूट जास्त दाखवतंय. कोणी हात लावलेला नाही. विमान वर कसं गेलं?" मी म्हणालो, इन्स्ट्रुमेंट एरर. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन दिवसांनी नकाराची मेल आली.

त्याआधी आरटीआरच्या, म्हणजे विमानातून रेडिओवर बोलण्याच्या परवान्याच्या, तोंडी परीक्षेतही असंच झालं होतं. "आपल्या विमानांवर व्हीटी का लिहितात?" मी 'व्हाइसरॉयज टेरिटरी' असं ठोकून दिलं. परीक्षक म्हणाले, "व्हाइसरॉय जाऊन किती वर्षं झाली?" ती परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली.

आता तीन आठवड्यांनी दुसरीकडे बोलावलंय. टेलिग्रामवर तीनशे प्रश्नांची पीडीएफ फिरतेय, त्यात विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील इथपासून सगळं आहे. ती पाठ करू का? असल्या प्रश्नांची तयारी नक्की करतात तरी कशी? आणि हे प्रश्न विचारतात कशासाठी?

टच अँड गो

पीडीएफ पाठ करू नकोस. मी इन्स्ट्रक्टर आहे, माझ्या तीन विद्यार्थ्यांनी ती पाठ केली होती. पॅनेलवरच्या माणसाला पाठांतर दुसऱ्याच वाक्यात कळतं.

पायऱ्यांचं म्हणशील तर "मोजल्या नाहीत सर" एवढंच पुरे होतं. चोवीस का म्हणालास? उद्या कॅप्टनने विचारलं, एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) उंची किती दिली, आणि तुला ऐकू आलेलं नसलं तर असाच आकडा ठोकशील का? त्यांना नेमकी तीच भीती वाटली असणार. बाकीच्या प्रश्नांवर इथे माझ्यापेक्षा मोठी माणसं आहेत, ती बोलतील.

एव्हरो ७४८

तापीकाठच्या, तुझी तिन्ही उत्तरं चुकली, पण प्रश्न तिन्ही चांगले होते. मी नऊ वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलोय. गेल्या वर्षी पासष्ट पूर्ण झाली आणि उडणं थांबलं, तेव्हा आता मोकळेपणाने लिहितो. लांबेल, पण वाच.

अल्टिमीटरचा प्रश्न मीही विचारायचो. हे यंत्र उंची मोजतच नाही. ते हवेचा दाब मोजतं आणि फुटांत बोलतं. रात्रीतून दाब चार हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) उतरला आणि यंत्राच्या छोट्या खिडकीत लावलेला दाबाचा आकडा कालचाच राहिला, की काटा शंभर-एकशेदहा फूट वर सरकणार, कारण खालच्या हवेत एका हेक्टोपास्कलला साधारण सत्तावीस फूट पडतात. हे तुला येतं. दोनशे तासांत तू क्यूएनएच, म्हणजे खिडकीतला तो दाबाचा आकडा, शेकडो वेळा लावलं असशील. मग तोंडातून 'इन्स्ट्रुमेंट एरर' का आलं? कारण प्रश्नात 'क्यूएनएच' हा शब्द नव्हता. पुस्तकात ज्या नावाने भेटलं त्याच नावाने समोर आलं तर ओळखायचं, एरवी नाही, असं झालं.

आणि त्यासाठी वादळ वगैरे यायलाही लागत नाही. आपल्याकडे उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारच्या सुमारास खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. सकाळ-दुपारचा फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. म्हणजे तुझ्या क्लबचं विमान जमिनीवर उभ्या उभ्या रोज ऐंशी-शंभर फूट वर-खाली होतंय. तू त्यात कित्येकदा बसलास. कधी पाहिलंस का?

पॅनेलला याची एवढी काळजी का, तेही सांगतो. जास्त दाबाच्या भागातून कमी दाबाकडे निघालास आणि आकडा बदलायला विसरलास, तर काटा ५,००० म्हणत राहील आणि तू त्याच्या खाली असशील. घाटात जुलैचे ढग असतात आणि त्या ढगांत डोंगर असतात.

पोपट. कंटेनर खरोखर बंद असेल तर वजन तेवढंच राहतं. पोपट हवेत टिकून आहे याचा अर्थच असा की तो पंखांनी हवा खाली ढकलतोय. ती हवा ट्रकच्या तळावर दाब देते. उडी घेण्याच्या क्षणी तर वजन किंचित वाढेल. ट्रकला बंद पत्र्याऐवजी जाळी असेल तर गोष्ट वेगळी, कारण मग हवा बाहेर निसटेल. आता पोपटाच्या जागी स्वतःचं विमान ठेव. तुझं १७२ हवेत असतं तेव्हा त्याचा सगळा भार कोण घेतं? शेवटी खालची जमीनच, हवेच्या मार्फत. ज्याला हे कळलं त्याला ग्राउंड इफेक्टही (जमिनीलगत विमान जास्त तरंगतं तो) कळला आणि जड विमानामागे अंतर का ठेवायचं तेही कळलं. विमानाच्याच वेगाने मागे सरकणाऱ्या पट्ट्यावरून विमान उडेल का, हा प्रश्नही याच जातीचा. उडेल. विमान चाकांच्या जोरावर पुढे जात नाही, प्रोपेलर हवेला मागे ढकलतो म्हणून जातं. चाकं नुसती दुप्पट वेगाने फिरतील.

आता माझी गोष्ट. १९८६, दिल्ली. मी वाईच्या अलीकडच्या एका खेड्यातला, वडील शेतकरी. इंग्रजी बोलताना घाम फुटायचा. पॅनेलवर तिघे होते. त्यातले सर्वांत वयस्क कॅप्टन सगळा वेळ गप्प होते, आणि शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुझ्या गावात वारा कुठून येतो?"

मला वाटलं, हे टाळायला बघतायत. मग खळं आठवलं. ज्वारीची मळणी झाली की वडील दुपारनंतर तिवईवर उभे राहून उफणायचे. सुपातून धान्य सोडायचं, दाणे खाली पायाशी, भुसा वाऱ्याबरोबर लांब. आमच्या खळ्यात भुशाचा ढीग नेहमी पूर्वेला लागायचा. मी तसंच सांगितलं, की भुसा पूर्वेला पडतो म्हणजे वारा पश्चिमेचा, आणि पावसाळ्यात तर पश्चिमेचाच, महाबळेश्वर-पाचगणीच्या डोंगरावरून उतरून येतो. ते पुढे सरकून बसले. म्हणाले, "मग तुझ्या शेतात धावपट्टी आखायची तर कशी आखशील?" पूर्व-पश्चिम, म्हणजे ०९ आणि २७ (होकायंत्रावरचे ९० आणि २७० अंश, शेवटचं शून्य गाळून). "आणि डोंगर पश्चिमेला आहे, तर त्या बाजूने येताना काय सांभाळशील?" डोंगर ओलांडून खाली घसरणारी हवा. त्या क्षणापर्यंत मी डाउनड्राफ्ट हा शब्द फक्त पुस्तकात वाचला होता. पण महाबळेश्वरात आभाळ फाटल्यासारखा पाऊस आणि तीसेक किलोमीटरवर वाईत त्यातला जरासाच, हे मी जन्मापासून पाहत होतो. हवा डोंगर चढताना पाऊस सांडते आणि उतरताना कोरडी होऊन खाली कोसळते. पुस्तक आणि खळं एकाच जागी येऊन भेटले, ते त्या खोलीत.

नंतर नकाशे पाहायला लागलो. मुंबईची मुख्य धावपट्टी ०९/२७. पुण्याची १०/२८. जुहूची ०८/२६. तिन्ही वाऱ्याकडे तोंड करून. नागपूर १४/३२, तिथे जरा वेगळं. तुझ्या क्लबच्या धावपट्टीला तोच आकडा का, हे तू कधी कोणाला विचारलंस का?

जुहूवरून आठवलं. मुंबईच्या मुलांना मी विचारायचो, "समुद्रावरून ०९ ला उतरताय, पहिली धावपट्टी कोणती दिसते?" जुहूची, किंचित डाव्या हाताला, मोठ्या विमानतळाच्या आधी. उत्तर आलं की पुढचं विचारायचं, "मग तीच आपली नाही, हे कशावरून?" १९७२च्या २४ सप्टेंबरला जपान एअर लाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाऐवजी जुहूच्या त्या छोट्या पट्टीवर उतरलं आणि पट्टी संपून पुढे निघून गेलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. रंगवलेले आकडे ०८ आणि ०९ आणि दोन धावपट्ट्यांची लांबी, एवढ्यावर सगळं अवलंबून.

माझा आवडता प्रश्न मात्र सर्वांत साधा होता, "एक लिटर इंधनाचं वजन किती?" अर्ध्याहून जास्त मुलं छातीठोक म्हणायची, एक किलो. ते पाण्याचं वजन. एकदा एक मुलगी म्हणाली, "सर, आठवत नाही, पण काढून सांगते. आमच्याकडे अॅवगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) एका गॅलनला सहा पाउंड धरायचे. सहा पाउंड म्हणजे २.७२ किलो, गॅलन म्हणजे ३.७८ लिटर, म्हणजे ०.७२ च्या आसपास." मी तिथेच कागद बंद केला.

हा प्रश्न मी का धरून बसलो होतो? १९८३च्या २३ जुलैला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. इंधन दाखवणारी यंत्रणा बंद, म्हणून टाक्यांमधलं इंधन पट्टीने मोजलं: ७,६८२ लिटर. हिशेब किलोत हवा होता आणि गुणलं १.७७ ने. तो पाउंडाचा आकडा. किलोसाठी ०.८ ने गुणायला हवं होतं. प्रवासाला २२,३०० किलो लागणार होतं, विमानात होतं २२,३०० पाउंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी. ४१,००० फुटांवर पहिला इशारा वाजला आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं गेली. कॅप्टन पिअर्सन ग्लायडर उडवणारे होते म्हणून गिमलीच्या जुन्या हवाई तळावर ते विमान जिवंत उतरलं. सगळी ६९ माणसं वाचली. गुणाकार अनुभवी माणसांचाच चुकला होता, आणि एकालाही असं वाटलं नाही की एका लिटरचं वजन पावणेदोन किलो कसं असेल? म्हणून तो प्रश्न.

आणखी एक सांगायचंय, ते मला जड जातं. पोपटांच्या प्रश्नावर एक मुलगा गप्प बसला. तीस-चाळीस सेकंद. मान खाली, बोटं टेबलावर. मग त्याने बरोबर उत्तर दिलं, जाळीच्या ट्रकसकट. माझ्या शेजारच्यांनी कागदावर 'संथ' असं लिहिलं आणि मी त्याखाली सही केली. तो विचार करत होता, आणि मला ते दिसत होतं. ती सही मला आजही खुपते. त्यानंतर मी प्रत्येक उमेदवाराला सुरुवातीलाच सांगायला लागलो, "डोक्यात चाललंय ते तोंडाने बोला." तुलाही तेच सांगतो. गप्प राहू नकोस. "हवा खाली ढकलली जातेय, ती जाते कुठे, तळावर" असं मोठ्याने बोलत जा. कॉकपिटमध्येही शेजारच्याला तुझा विचार ऐकू आलाच पाहिजे.

गोल्फच्या चेंडूंचा प्रश्न मी कधी विचारला नाही, मला त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा विमानातला चहा बेचव का लागतो, हे विचारावं. केबिनमधला दाब सुमारे ८,००० फुटांवरच्या हवेइतका असतो, तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपास उकळतं, चहाचा अर्क नीट उतरत नाही.

टॉवरवाला

कॅप्टनसाहेब, वाचून फार बरं वाटलं. मी कंट्रोलर आहे, म्हणून आरटीआरपुरतं लिहितो. (ही परीक्षा आता २०२४च्या भारतीय वायुयान अधिनियमामुळे डीजीसीए या नागरी उड्डाण नियामकाच्या अखत्यारीत आलीय. प्रश्न मात्र तेच राहणार, कारण रेडिओ तोच आहे.)

व्हीटीचं: देशांना रेडिओची अक्षरं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ वाटून देतो. भारताकडे एटीए ते एडब्ल्यूझेड, व्हीटीए ते व्हीडब्ल्यूझेड आणि ८टीए ते ८वायझेड अशा मालिका आहेत. त्यातलं व्हीटी विमानांना. त्याआधी आपल्या विमानांवर जी-आय असायचं. व्हाइसरॉयचा अर्थ लोकांनी मागाहून जोडला. परीक्षकाला तुला इतिहास विचारायचा नव्हता, अक्षरं कोण वाटतं एवढंच पाहायचं होतं.

दुसरा हमखास येणारा विचित्र प्रश्न: "गाण्यांसाठी एफएम चांगलं, मग विमानं अजून एएमवर का बोलतात?" बहुतेक जण म्हणतात, जुनी पद्धत म्हणून. खरं कारण असं, की एफएममध्ये दोघे एकाच वेळी बोलले तर जोरकस सिग्नल दुसऱ्याला पूर्ण गिळतो. दुसराही बोलत होता हे कोणाला कळतच नाही. एएमवर दोन्ही आवाज एकमेकांवर चढतात, शिट्टीसारखी किंचाळी येते आणि मला कळतं की आणखी कोणी हाक मारतंय. मग मी पुन्हा विचारतो.

ती किंचाळी मी विद्यार्थ्यांना मुद्दाम ऐकवतो. २७ मार्च १९७७, तेनेरिफ. धुक्यात केएलएमचं ७४७ धावपट्टीच्या टोकाला उभं, पॅन अॅमचं ७४७ त्याच धावपट्टीवर अजून जमिनीवरून सरकत (टॅक्सी करत) होतं. केएलएमकडून 'आम्ही आता टेक-ऑफला' अशा अर्थाचं काही बोललं गेलं. टॉवरने 'ओके' म्हटलं आणि पुढे थांबायला सांगितलं, त्याच क्षणी पॅन अॅमही बोललं. केएलएमच्या कॉकपिटात 'ओके' ऐकू आलं आणि पुढचं सगळं त्या शिट्टीत गेलं. ५८३ माणसं गेली. शिट्टी वाजली होती, कोणी परत विचारलं नाही. तेव्हापासून 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त टेक-ऑफची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. तोंडी परीक्षेत "हा शब्द कधी वापरणार नाही?" असं विचारलं तर नियम सांगून थांबू नकोस, ही शिट्टीही सांग.

वऱ्हाडची पोर

मी फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे, चौथं वर्ष. कॅप्टन काकांनी लिहिलेलं सगळं पटलं, पण एका प्रकारच्या प्रश्नाबद्दल कोणीच बोललं नाही. मला माझ्या पहिल्या मुलाखतीत विचारलं होतं, "लग्न कधी करणार? मग मुलं झाल्यावर नाइट फ्लाइटचं काय?" हा पोपटांचा प्रश्न नाही. यात मागे कुठलंही भौतिकशास्त्र लपलेलं नाही. माझ्यानंतर आत गेलेल्या मुलाला हे विचारलं नव्हतं, मी बाहेर येऊन त्याला विचारलं.

मी तेव्हा म्हणाले, "रोस्टर सगळ्यांना सारखाच लागू असेल तर तो मला मान्य आहे." एवढंच. तिथे माझी निवड झाली नाही. ज्या मुली वाचत असतील त्यांना सांगते, असा प्रश्न आला तर तुमची तयारी कमी पडली असं मानू नका. आपल्या देशात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे आहे. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुखांनी सगळ्या महिला क्रूचं फोकर विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं होतं. ते होऊन चाळीस वर्षं झाल्यावरही हा प्रश्न विचारला जातो याचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

तापीकाठचा, तुला हा प्रश्न येणार नाही, पण दुसरा नक्की येईल: "कॅप्टनच्या तोंडाला दारूचा वास आला तर काय कराल?" गोल गोल बोलू नकोस. उड्डाणाआधी बारा तास मद्य घ्यायचं नाही असा नियम आहे आणि ब्रेथ अॅनालायझर सगळ्यांनाच आहे. पहिल्यांदा सापडला तर तीन महिने निलंबन, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा लायसन्स रद्द. पण नियम म्हणून दाखवणं हा उत्तराचा सोपा भाग. मी म्हणाले होते, "आधी त्यांनाच बाजूला घेऊन सांगेन की सर, आज आपण उडू नये. ऐकलं नाही तर ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याला कळवेन आणि मी विमानात बसणार नाही." त्यावर पॅनेलमधल्या एकांनी विचारलं, "आणि तेच कॅप्टन पुढच्या आठवड्यात तुमच्यासोबत असतील तर?" मी म्हणाले, "तर गुड मॉर्निंग म्हणेन आणि चेकलिस्ट वाचेन." ही दुसरी मुलाखत. इथे मी लागले.

तापीकाठचा

सगळ्यांचे खूप आभार. कॅप्टन सर, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. खळ्याचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. आमच्याकडेही उफणायचे, भुसा कुठे पडायचा ते तिने न विचारता सांगितलं.

क्लबात माझं जाणं-येणं अजून आहे. तीन दिवस एका उभ्या १७२ मध्ये बसून, खिडकीतला आकडा न हलवता, सकाळी दहाला आणि दुपारी चारला अल्टिमीटर लिहून घेतला. सोमवारी दुपारी काटा ८० फूट वर होता. मंगळवारी ९०. बुधवारी दिवसभर ढग होते, त्या दिवशी फक्त ६०. विमान तसूभरही हललेलं नाही. मी दोनशे तास त्यात बसलो आणि हे कधी दिसलं नव्हतं.

आता मलाच एक प्रश्न पडलाय. ढगाळ दिवशी फरक कमी का आला? जमीन कमी तापते म्हणून, की तीन दिवसांचं निरीक्षण फारच थोडं?

एव्हरो ७४८

दोन्ही असू शकतं. जमीन तापण्याचा त्यात वाटा असतो, पण तो एकटाच नसतो. तीन दिवसांवर बोलू नकोस, मुलाखतीपर्यंत रोज लिही. पहाटे चारचाही आकडा घे, चौकीदाराला आधी सांगून ठेव. वही इथे टाक, बसून बघू.